तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या वेस्टर्नमधले, म्हणजे हॉलिवूडच्या काउबॉयपटांमधले, ते घोडे खरंच पडायचे का?

हो, खरंच पडायचे. जुन्या वेस्टर्नचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा ‘छे, सगळी ट्रिक!’ एवढंच ऐकायचं असतं. ट्रिका होत्या, पण भलत्या जागी.

टापांचा आवाज खोटा. नारळाच्या दोन करवंट्या रेतीच्या ट्रेमध्ये आपटायच्या; खडकाळ वाट हवी असेल तर फरशीवर. दगडाला घासून जाणाऱ्या गोळीची शीळ मागाहून चिकटवलेली. गुद्दा हनुवटीला लागतच नाही. कॅमेरा एकाच्या खांद्यामागे असतो, मूठ चेहऱ्यासमोरून वीतभर अंतराने जाते; मार खाणाऱ्याने मान झटकायला जरा उशीर केला की शॉट वाया. रात्र भर उन्हात घेतलेली: लाल फिल्टर, फिल्मवर नेहमीपेक्षा बराच कमी प्रकाश, की निळं आकाश काळं पडतं. ढग आले तर मात्र ते पांढरेच राहतात आणि चोरी उघडी पडते. उलटी फिरणारी चाकं हे निव्वळ गणित आहे. बारा आऱ्यांचं चाक सेकंदाला दोन फेरे घेत असेल, तर सेकंदाला 24 चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्याला ते थिजलेलं दिसतं. त्याहून किंचित मंद झालं की उलटं.

आता घोडा. घोडा पाडायचा ‘रनिंग डब्ल्यू’ नावाचा प्रकार होता. पुढच्या दोन्ही पायांना खुरांच्या वर चामडी पट्टे बांधायचे. पट्ट्यांच्या बारीक पोलादी तारा पोटाखाली, तंगाला (खोगिराच्या पोटपट्ट्याला) लावलेल्या कडीतून ओवायच्या आणि लांब तारेचं दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या ओंडक्याला बांधायचं. घोडा भरधाव सोडायचा. तार संपली की पुढचे पाय पोटाखाली खेचले जातात आणि घोडा डोक्यावर उलटतो. पडण्याची जागा आधी नांगरून भुसभुशीत करायची. स्वाराला तार कुठे संपते ते नेमकं ठाऊक असतं; तो क्षणभर आधी रिकिबीतून पाय मोकळे करतो आणि पुढे फेकला जातो. घोड्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. जमीन टणक राहिली, मान वाकडी आपटली, की मान किंवा पाय मोडतो. जो धडधाकट उठतो, तोही पुन्हा मोकळेपणाने दौडेलच असं नाही.

हे तंत्र ज्याच्या नावाशी जोडलं जातं तो स्टंटमॅन याकिमा कनट, आणि इथे माझी पंचाईत होते. 1939 च्या ‘स्टेजकोच’ या वेस्टर्नमधला घोडागाडीचा पाठलाग पाहा. सुळके युटा-ॲरिझोनाच्या सीमेवरच्या मॉन्युमेंट व्हॅलीचे. पाठलागाचं पटांगण मात्र शेकडो किलोमीटर लांब, कॅलिफोर्नियातलं कोरडं तळं, कारण तिथे कॅमेऱ्याची गाडी घोड्यांना समांतर पळवता येते. कनट धावत्या घोड्यावरून सहा घोड्यांच्या गाडीच्या पुढच्या जोडीवर उडी टाकतो, गोळी लागल्याचं सोंग करून जोडीच्या मधोमध लोंबतो, फरफटतो, हात सोडतो आणि सगळी गाडी अंगावरून जाऊ देतो. त्याची पहिली अट होती वेग: घोडे भरधाव असले तरच सरळ रेषेत धावतात, संथ असले की इकडेतिकडे सरकतात. हात सोडताक्षणी कोपरं छातीपोटाशी घट्ट, नाहीतर पुढचा आस ती घेऊन जाईल. स्वतःसाठी एवढा हिशेब करणारा माणूस घोड्याच्या बाबतीत निष्काळजी असेल, हे मला पटत नाही. आपल्या हातून कधी घोडा जायबंदी झाला नाही, असा त्याचा दावा होता. खराही असेल. पण त्याच पाठलागात घोडे तारेवर पाडलेले आहेत, आणि तार वापरणारे सगळेच काही कनट नव्हते.

‘त्या काळी हे चालायचं’ असं मी पूर्वी ठासून सांगत असे. ते चूक होतं. त्याच 1939 च्या ‘जेसी जेम्स’ या चित्रपटासाठी मिझूरीतल्या एका कड्यावरून स्वारासकट घोडा खालच्या तळ्यात ढकलण्यात आला. खाली कलणाऱ्या निसरड्या फळीवर त्याला उभं केलं होतं. म्हणजे उडी त्याने मारलीच नाही. स्वार वाचला, घोडा मेला. लोक तेव्हाच संतापले, आणि त्यातूनच 1940 मध्ये अमेरिकन ह्युमेन असोसिएशन या प्राणिकल्याण संस्थेची सेटवरची देखरेख सुरू झाली. 1966 पासून हॉलिवूडची जुनी सेन्सॉर संहिता मोडीत निघू लागली, तशी देखरेखही सैल पडली. म्हणजे ‘काळ सुधारला’ हेही उत्तर पुरतं खरं नाही.

पडायला शिकवलेले घोडेही होते. लगामाने मान एका बाजूला ओढली की ते मऊ मातीत कुशीवर आडवे होत. मग तेच का नाही वापरले? शिकवायला वेळ आणि पैसा लागतो, आणि कुशीवरचं पडणं पडद्यावर त्या कोलांटीएवढं भीषण दिसत नाही. आमच्यासारख्यांना कोलांटीच आवडायची, हेही खरं.

ओळखायचं कसं, हा तुमचा पुढचा प्रश्न. पडण्याआधी मान स्वाराच्या हाताबरोबर बाजूला वळली आणि घोडा कुशीवर गेला, तर तो शिकवलेला. मान सरळ, वेग पूर्ण आणि पुढचे दोन्ही पाय एकाच क्षणी पोटाखाली गेले, तर ती तार. ‘स्टेजकोच’ एकदा असा, आवाज बंद करून पाहा.