चकलीचा भाव लावताना आपली मजुरी धरा

गणपती उठले की मुंबईत सोसायट्यांच्या आणि शाळेतल्या आयांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फराळाचे दर फिरायला लागतात. चकली ४०० रुपये किलो, चिवडा ३२०, करंजी इतकी. हे दर बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचे पाहून, त्यातून वीस-तीस रुपये उतरवून लावलेले असतात. दिवाळी संपेपर्यंत पैसे हातात खेळतात. पण निव्वळ सुटलं किती, असं विचारलं तर सांगता येत नाही. घरून फराळ विकणाऱ्या बाईचा हिशोब चुकतो तो इथे. डाळी, तेल, गॅस सगळं धरलेलं असतं, तिचे स्वतःचे तास तेवढे फुकट.

एक किलो तयार चकलीचा हिशोब मांडू. दर उदाहरणादाखल आहेत, तुमच्या पावतीवरचे घालून पुन्हा मांडा. किलोभर चकलीत साधारण ७०० ग्रॅम भाजणी असते, उरलेलं वजन मुख्यतः तेलाचं. भाजणी दळणासकट ९० रुपये. तेल ८०, कारण चकलीने प्यायलेल्या तेलाबरोबर शेवटी टाकून द्यावं लागणारं तेलही यातच येतं. तीळ, ओवा, हिंग, तिखट मिळून ३०. गॅस २५. पाव-पाव किलोची चार पाकिटं लेबलसकट ३२. झाले २५७. इथेच थांबून ४०० रुपये भाव लावला की १४३ रुपये सुटल्यासारखे वाटतात.

आता वेळ धरा. उकड काढणं, मळणं, पाडणं, तळणं, गार करून भरणं आणि शेवटी ओटा घासणं, यात किलोमागे दीड तास सहज जातो. मदतीला बाई लावली तर ती तासाला जे मागेल, त्यापेक्षा कमी दर स्वतःला लावू नका. १०० रुपये धरले तर मजुरी १५०, म्हणजे एकूण ४०७. मोडलेल्या चकल्या, रिक्षा, फोन यांचे दहा टक्के, ४१ रुपये. हे झाले ४४८. यावर पंधरा टक्के नफा चढवला की भाव ५१५ च्या घरात जातो. म्हणजे ४०० ने विकणारी बाई किलोमागे ४८ रुपये पदरचे घालते आहे.

भाव वाढवला तर गिऱ्हाईक तुटेल, ही भीती खोटी नाही. काही गिऱ्हाइकं तुटतीलही. पण तोट्यातल्या वीस किलोंपेक्षा हिशोबातले बारा किलो कधीही बरे, कारण ओट्यापाशी उभं राहणारी पाठ एकच असते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. तिथे पापड लाटणाऱ्या सभासद बायांना, म्हणजे ‘बहिणीं’ना, किलोप्रमाणे लाटण्याची मजुरी मिळते. ती पापडाच्या खर्चातच धरलेली असते, विक्रीनंतर काही उरलं तर द्यायची अशी नसते. हीच पद्धत एकटीच्या धंद्यालाही लागू आहे.

भाव चांगला हवा तर माल दर वेळी सारखाच हवा, आणि चकलीत तेच अवघड. भाजणीसाठी १ किलो तांदूळ, अर्धा किलो हरभरा डाळ, पाव किलो उडीद डाळ, १२५ ग्रॅम मूग डाळ, १०० ग्रॅम धणे, ५० ग्रॅम जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा. एकत्र भाजलं तर जिरं करपतं आणि हरभरा डाळ आतून कच्ची राहते. गिरणीत आधी गव्हाचं दळण झालं असेल तर त्याचं पीठ तुमच्या भाजणीत मिसळतं. गव्हाची अॅलर्जी असलेल्या गिऱ्हाइकाला ते बाधू शकतं, म्हणून गिरणीवाल्याशी आधी बोलून ठेवा.

उकडीला भाजणी जितक्या वाट्या, तितकंच पाणी. दोन वाट्या भाजणीला दोन टेबलस्पून तेल, हेच मोहन. पाणी तेल-तिखट-मीठ-तिळासकट खळखळून उकळलं की गॅस बंद करून भाजणी घालायची, ढवळून अर्धा-पाऊण तास झाकून ठेवायची. मग थोडी थोडी उकड घेऊन पाण्याच्या हाताने मळायची. सोऱ्यातून पाडताना चकली तुटत असेल तर पीठ कोरडं आहे किंवा मळणं कमी पडलं आहे. तेलात विरघळत असेल तर मोहन जास्त झालं. कडक होत असेल तर मोहन कमी पडलं. दुसऱ्या दिवशी मऊ पडली तर बहुतेक वेळा तेल फार तापलेलं होतं: वरून रंग आला, आत ओल राहिली. घाणा टाकल्यावर मध्यम आच ठेवायची आणि तेलातले बुडबुडे जवळपास थांबेपर्यंत चकली बाहेर काढायची नाही.

मुंबईच्या दमट हवेत भरण्याची वेळही सांभाळावी लागते. गरम भरली तर पिशवीत वाफ धरते, रात्रभर उघडी राहिली तर हवेतली ओल ओढते. पूर्ण गार झाली की लगेच सील करायची. मेणबत्तीवर पिशवी चिकटवण्यापेक्षा हाताने दाबायचं छोटं सीलिंग मशीन घ्या. प्रत्येक तारखेच्या मालातलं एक पाकीट बाजूला ठेवून महिन्याने फोडा. ‘कधीपर्यंत खावे’ याची तारीख त्यावरून लिहा, अंदाजाने नको. तळून काळं, दाट झालेलं, फेसाळणारं तेल पुढच्या घाण्याला वापरू नका. अशा तेलातली चकली लवकर खवट होते.

कागदपत्रांचं फार ओझं नाही. एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षेचं सरकारी प्राधिकरण. त्याची नोंदणी त्यांच्याच फॉस्कॉस पोर्टलवर होते, मिळालेला १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा. उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याची नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. लेबलवर पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, एमआरपी, पॅक केल्याची तारीख, बॅच क्रमांक, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह हवं. वजनकाटा वैधमापनाचा, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का असलेलाच घ्या. स्वयंपाकघरातला पाचशे रुपयांचा काटा विक्रीला चालत नाही. घरगुती सिलिंडरही धंद्याला वापरता येत नाही, त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक लागतो. त्याचा दर गॅसच्या आकड्यात धरा.

दुकानात माल ठेवायचा असेल तर वरचा हिशोब पुन्हा करा. दुकानदार छापील किमतीवर २५ टक्के मागत असेल, तर ५१५ च्या चकलीचे तुमच्या हातात जेमतेम ३८६ येतात. खर्चच ४४८ आहे. खर्च तेवढा भरून निघायलाही छापील किंमत ६०० च्या आसपास हवी. वर पैसे महिन्याने मिळणार आणि न खपलेला माल परत येणार. पहिल्या वर्षी दुकानाच्या वाटेला न जाता अर्धे पैसे आगाऊ घेऊन ऑर्डरीच कराव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. आगाऊ रक्कम मागताना संकोच नको, त्याच पैशातून डाळ-तेल येतं.

कर्जाबद्दलही असंच. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बाया किराण्यासाठी सावकाराच्या व्याजात अडकत. त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आज छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा योजनेत शिशु या सर्वांत लहान गटात ५० हजारांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं. ते मशीन किंवा मोठी कढई यासाठी घ्या, जे वर्षभर कामाला येईल. दिवाळीच्या किराण्यासाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते मार्चमध्येही चालू असतात, तेव्हा चकली कुणी मागत नाही. धंद्याचं बँक खातं आणि त्याचा क्यूआर कोडही वेगळा ठेवा, म्हणजे घरखर्च त्यात मिसळणार नाही.

पोचवायचं तर अकरा ते चारच्या दरम्यान. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये चकलीचा भुगा होतो. खोक्यात चकली वर, लाडू खाली, आणि मोकळ्या जागेत चुरगळलेला कागद. दिवाळीनंतर सोऱ्या धुऊन ठेवला तरी डाळी भाजायची सवय मोडू देऊ नका. थालीपीठाची भाजणी बारा महिने खपते, तिला ना तेल लागतं ना तळणाचे तास, आणि प्रवासात ती मोडतही नाही. तिचा हिशोब मात्र नव्याने, तासांसकट मांडायचा.