गुडघा दुखतो म्हणून बसून राहू नका

आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हा आम्ही सगळे तिला एकच सांगायचो, तू बस, उठू नकोस. आता वाटतं किती चुकलं ते. बसून बसून मांडीचे स्नायू गेले आणि सगळा भार सांध्यावर यायला लागला. फिजिओथेरपिस्ट ताईंनी नीट समजावलं, की सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, हालचाल झाली की सांध्यातलं वंगण आत-बाहेर होतं आणि त्यातूनच तिला पोषण मिळतं, म्हणजे हालचाल बंद तर पोषण पण कमी.

पहिला व्यायाम अगदी साधा वाटतो. पाठीवर झोपायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबायची, ५ सेकंद धरायचं, सोडायचं, असं १० वेळा. पहिल्या दिवशी आईची मांडी नुसती थरथरत होती, मी हात ठेवून बघितलं तर स्नायू जेमतेम आवळला जात होता. तीन आठवड्यांनी तोच हाताला टणक लागला, खूप बरं वाटलं.

व्यायामानंतर थोडं दुखणारच, पण दुसऱ्या दिवशीपर्यंत ते नेहमीइतकं झालं पाहिजे, नाहीतर व्यायाम कमी करायचा. सांधा गरम होऊन सुजला तर मात्र डॉक्टरांना दाखवा, उगाच रेटू नका. आणि हो, जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा, कठडा धरून.

काल आई खुर्चीतून हात न टेकता उठली.