पाय दाबणं पान्ह्यासाठी, पंप दुधासाठी

बाळ ३१व्या आठवड्यात आलं. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसतो, तोवर दूध काढून नळीनेच द्यायचं.

सुरुवात हाताने, पहिल्या सहा तासांच्या आत. अंगठा आणि तर्जनी स्तनाग्राच्या मुळापासून २-३ सेंमी मागे समोरासमोर ठेवायची. आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं जवळ आणायची, मग सोडायची. बोटं घसरली की कातडी हुळहुळते आणि दूधही येत नाही. पहिले एकदोन दिवस चीक थेंबाथेंबानेच येतो. तो १ मिलीच्या सिरिंजमध्ये टिपून घ्यायचा. अर्धा मिलीसुद्धा टाकायचा नाही, नर्स तो बाळाच्या गालाच्या आतून लावतात.

मग पंप. चोवीस तासांत ८ ते १० वेळा, रात्री एकदा तरी हवाच, कारण तेव्हा प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवणारं संप्रेरक, जास्त असतं. मला आधी दिलेलं फनेल, म्हणजे पंपाचा स्तनावर बसणारा भाग, घट्ट होतं. स्तनाग्र घासून दुखायचं, आणि दुखलं की पान्हा अडतो. मोठ्या मापाचं घेतल्यावर फरक पडला.

पायांचा दाब मी पंपाच्या आधी बसवला. पाठीला टेकू, पाय उशीवर, बहीण समोर. हाताला खोबरेल चोळून दोन मिनिटं सगळं पाऊल सैल करायचं. मग पायाच्या अंगठ्याच्या गादीचा मध्य. रिफ्लेक्सॉलॉजीत, म्हणजे पावलावरचे बिंदू शरीराच्या भागांशी जोडणाऱ्या पद्धतीत, ही पिट्युटरीची (मेंदूतल्या संप्रेरकं सोडणाऱ्या ग्रंथीची) जागा. त्यानंतर पावलाची वरची बाजू, बोटांच्या मुळांपासून मागे, हाडांमधल्या खाचांतून, ही छातीची. अंगठा सुरवंटासारखा पुढे सरकवायचा, नख लागू द्यायचं नाही. एका पायाला दहा मिनिटं पुरे. दुखेपर्यंत दाबलं तर फायदा उलटाच.

यावरचे अभ्यास छोटे आहेत. माझ्या मते खरं काम पायावरच्या नकाशाचं नाही, निवांतपणाचं आहे: धास्ती, थंडी, वेदना यांनी ऑक्सिटोसिन, म्हणजे पान्हा आणणारं संप्रेरक, रोखलं जातं, आणि ते आल्याशिवाय तयार दूध खाली उतरत नाही. पण दूध बनतं ते छाती रिकामी होण्याने. साचून राहिलं की शरीर बनवणं कमी करतं. म्हणून पाय दाबायला माणूस नसेल तर पंप थांबवायचा नाही.

एक धोका मात्र कोणी सांगत नाही. बाळंतपणानंतर, विशेषतः सिझेरियननंतर, पोटरीत गुठळी होऊ शकते. एकच पाय सुजलेला, गरम किंवा दुखरा असेल तर त्याला हात लावायचा नाही, लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

प्रत्येक वेळचे मिली वहीत लिहा. चौदाव्या दिवसापर्यंत दिवसाला ५०० मिली झालं नाही तर स्तनपान सल्लागाराला वही दाखवा. आणि बाळाला कांगारूसारखं छातीवर घेऊन झालं की लगेच पंप लावा. तेव्हा पान्हा सहज येतो.