मालक, यातली भारी कुठली?

रात्री साडेनऊनंतर, शटर अर्धं ओढलं की हा प्रश्न येतो. विचारणारा माणूस बराच वेळ पलीकडच्या पानटपरीपाशी उभा असतो. दुकानातली शेवटची बाई मुलाचं खोकल्याचं औषध घेऊन पायरी उतरली की तो वर येतो, डोकेदुखीची एक गोळी मागतो, पैसे देतो आणि मग मोबाईल पुढे करतो. त्यावर दोन पाकिटांचे फोटो असतात. एक सिल्डेनाफिलचं, एक टाडालाफिलचं, दोन्ही पुरुषाच्या ताठरतेसाठीच्या गोळ्या. "मालक, यातली भारी कुठली?"

बार्शीत मी औषधांचं दुकान टाकलं ते १९९८ साली. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत व्हायग्राला, म्हणजे सिल्डेनाफिलला, मंजुरी मिळाली. पुढच्या काही वर्षांत आपल्याकडच्या कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि तेव्हापासून हा प्रश्न माझ्या काउंटरवर आहे. मागे दुसरं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं की बोलणं तुटतं, विचारणारा मान खाली घालून निघून जातो. म्हणून तुम्ही विचारलंत तर आज बसून सगळं सांगतो.

पहिलं हे, की भारी अशी यातली कुठलीच नाही. सिल्डेनाफिल, टाडालाफिल, वॉर्डेनाफिल, अवानाफिल या चारही एकाच घरातल्या. मनात इच्छा जागी झाली की लिंगातल्या मज्जातंतूंमधून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्यानं तिथल्या रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त भरतं आणि ताठरता येते. त्या वाहिन्या सैल ठेवणारं एक रसायन शरीरच तयार करतं आणि काम झालं की पीडीई-५ नावाचं विकर त्याचा निचरा करतं. गोळी त्या विकराला थोपवून धरते. तिचं काम तेवढंच. इच्छा ती आणत नाही. गोळी घेऊन टीव्हीसमोर बसून राहिलात तर काही होणार नाही, आणि मग सकाळी येऊन "मालक, माल नकली होता" म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत.

सिल्डेनाफिल मुळात यासाठी शोधलंच नव्हतं. फायझर कंपनीच्या इंग्लंडमधल्या सँडविच गावच्या प्रयोगशाळेत ते छातीत कळ येण्याच्या दुखण्यावर, म्हणजे अंजायनावर, तयार होत होतं. वेल्समधल्या मर्थर टिडफिल या कोळसा-पोलादाच्या जुन्या गावात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पुरुषांवर चाचण्या झाल्या. छातीच्या दुखण्यावर फारसा उपयोग दिसला नाही, पण गोळी घेणारे दुसरंच काही सांगू लागले. हे मुद्दाम सांगतोय. लोक हिला ताकदीची गोळी म्हणतात, पण ही पहिल्यापासून रक्तवाहिन्यांची गोळी आहे. पुढे जे धोक्याचं सांगणार आहे ते यातूनच येतं.

मग फरक कशात? मुख्यतः घड्याळात.

सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी घ्यायचं. असर चार-पाच तास. २५, ५० आणि १०० मिलिग्रॅममध्ये येतं. डॉक्टर बहुधा ५० पासून सुरू करतात, वय पासष्टच्या पुढे असेल किंवा लिव्हर-किडनीचं काही असेल तर २५ पासून. याचं जेवणाशी वाकडं आहे, आणि आपल्याकडे घोटाळा होतो तो इथेच. एका रविवारी लग्नघरातला एक पाहुणा गोळी घेऊन गेला. सोमवारी दुकान उघडायच्या आधी पायरीवर हजर. भांडायलाच आला होता. मी विचारलं, "जेवलात काय?" मटणाचा तांबडा रस्सा, वर तेलाचा तवंग, चार भाकरी, आणि त्या जेवणावरच गोळी. तेलकट-तुपकट जेवणावर घेतलं तर सिल्डेनाफिल रक्तात पोचायला तासभर जास्त लागतो आणि पोचतंही कमी. बिचाऱ्यानं अर्धा तास वाट बघितली, घाबरला, घाबरल्यावर जे व्हायचं तेच झालं. दारूचंही तसंच. धीर येतो म्हणून दोन पेग घेतात, आणि दारू स्वतःच ताठरता घालवते, वर बीपीही खाली आणते.

टाडालाफिलला जेवणाचं सोयरसुतक नाही. असर छत्तीस तासांपर्यंत राहतो. हा आकडा ऐकून लोकांचे डोळे विस्फारतात, म्हणून स्पष्ट सांगतो: छत्तीस तास ताठरता राहत नाही. तेवढ्या काळात इच्छा झाली तर शरीर साथ देतं, इतकाच त्याचा अर्थ. गरजेपुरतं १० किंवा २० मिलिग्रॅम घेतात, किंवा डॉक्टरांनी लिहून दिलं तर ५ मिलिग्रॅम रोज, ठरल्या वेळी. ज्यांना प्रोस्टेट वाढल्यामुळे रात्री चारदा उठावं लागतं त्यांना ही रोजची गोळी त्या त्रासावरही लागू पडते. अमेरिकेत त्यासाठीही तिला २०११ साली मंजुरी मिळाली. माझं मत विचाराल तर संसारी जोडप्याला मला ही जास्त बरी वाटते. नवराबायकोच्या मध्ये घड्याळ येत नाही. "गोळी घेतलीय, आता चल" असं म्हणावं लागत नाही, आणि त्या म्हणण्याचा बाईला किती उबग येतो हे मला दोघी-तिघींनी तोंडावर सांगितलंय. पण जी गोळी लांब टिकते तिचा त्रासही लांब टिकतो, हेही धरून चाला.

वॉर्डेनाफिल वागायला सिल्डेनाफिलसारखंच. अवानाफिल सगळ्यांत नवं, काहींना पंधरा-वीस मिनिटांतच लागू पडतं. आमच्यासारख्या गावात ही दोन्ही क्वचितच लिहून येतात.

डोकं दुखणं, तोंड गरम आणि लाल होणं, नाक चोंदणं, जळजळ हे सगळ्यांमध्ये कमीजास्त आहे. सिल्डेनाफिलनं काहींना थोडा वेळ निळसर दिसतं; टाडालाफिलनं कंबर आणि मांड्या दुखतात. एवढ्यानं घाबरायचं कारण नाही. पण ताठरता चार तासांच्या वर टिकून राहिली, किंवा एकाएकी दिसेनासं वा ऐकू येईनासं झालं, तर लाजत घरी बसू नका, रात्र असली तरी दवाखाना गाठा. आणि एकानं भागलं नाही म्हणून त्याच रात्री दुसरी घ्यायची नाही. पहिल्या वेळी जमलं नाही म्हणजे गोळी वाया गेली असंही नाही. नीट वेळ साधून, जेवण सांभाळून सहा-सात वेळा बघावं लागतं, मग डॉक्टर डोस बदलतात किंवा गोळी बदलतात.

आता जे सांगतो त्यासाठी बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल.

एक गृहस्थ आले, साठीच्या आतबाहेरचे, पांढरा शर्ट, पायजमा, हातात कापडी पिशवी. फोटो न दाखवता सरळ म्हणाले, "जास्त पॉवरची द्या." मी विचारलं, दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत? "बीपीची." आणखी? "काही नाही." बोलताना त्यांचा हात सारखा शर्टाच्या खिशाकडे जात होता. खिशात काय आहे विचारलं तर त्यांनी स्ट्रिपचा कापलेला तुकडा काढला, चारच गोळ्या, खिशात राहून राहून फॉइल मऊ पडलेलं. सॉर्बिट्रेट. तीन वर्षांपूर्वी एन्जिओप्लास्टी झाली होती आणि छातीत दुखलं तर जिभेखाली धरा म्हणून डॉक्टरांनी दिल्या होत्या. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच; ती नुसती जवळ बाळगायची वस्तू होती.

सॉर्बिट्रेट शरीरात नायट्रिक ऑक्साइड वाढवतं. आपली गोळी त्या नायट्रिक ऑक्साइडचा परिणाम ओसरू देत नाही. दोन्ही एकत्र आली की रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात, बीपी खाली कोसळतं, आणि ज्याचं हृदय आधीच दुखावलेलं आहे तो माणूस त्यातून उठेलच असं नाही. नायट्रोग्लिसरीनची फवारणी, छातीवर लावायची पट्टी, छातीच्या दुखण्यावरच्या निकोरँडिलच्या गोळ्या यांच्या बाबतीतही हेच. अशा माणसासाठी या चारींपैकी एकही गोळी नाही, कमी डोसमध्येही नाही. आणि उलट्या बाजूनंही लक्षात ठेवा: गोळी घेतलेल्या रात्री छातीत दुखायला लागलं तर दवाखान्यात पाय ठेवल्याबरोबर सांगा, कुठली घेतली आणि किती वाजता. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर निदान ४८ तास तिथले डॉक्टर नायट्रेट, म्हणजे सॉर्बिट्रेटच्या जातीची औषधं, देणं टाळतात. तुम्ही लाजेपायी गप्प राहिलात तर त्यांना कळायचा मार्ग नाही. बायकोसमोर सांगायची लाज वाटत असेल तर तिला आधीच सांगून ठेवा.

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन किंवा बीपीसाठी प्राझोसिन चालू असेल तर मनाई नाही, पण उठताना चक्कर येऊन पडायची भीती असते; डॉक्टर डोस बेतानं ठरवतात. म्हणूनच ही औषधं शेड्यूल एचमध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. दुकान नवीन होतं तेव्हा ओळखीतल्या माणसांना मी चिठ्ठी न बघता दिल्यात. कुणाला काही झालं नाही, पण त्या खिशातल्या चार गोळ्या पाहिल्यापासून तेव्हाची एकेक ओळखीची तोंडं आठवून मला आजही धस्स होतं.

चिठ्ठीसाठी डॉक्टरकडे गेलात की आणखी एक गोष्ट होते. ताठरता कमी होणं हे पुष्कळदा दुसऱ्या कशाची तरी पहिली खूण असते. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे बुजायला लागल्या की तिथं आधी कळतं; छातीत कळ येते ती काही वर्षांनी. माझ्याकडे एक ट्रॅक्टर चालवणारा पोरगा यायचा, चाळिशीही गाठली नव्हती. चार महिने तो नुसता भारी गोळी मागत होता आणि मी चिठ्ठी मागत होतो. शेवटी वैतागून डॉक्टरकडे गेला, तर शुगर तीनशेच्या वर. पायाला मुंग्या येतात हे तो तोवर कुणालाच बोलला नव्हता. तंबाखू, न मोजलेलं बीपी, नैराश्यावरच्या काही गोळ्या, बीपीच्याही काही गोळ्या, मनातली धास्ती, हार्मोनची कमतरता, कारण यातलं कुठलंही असू शकतं. या दुखण्याला नपुंसकत्व म्हणायचं आणि माणसाला घरात बसवायचं, हे मला अजिबात मान्य नाही. गुडघा दुखतो तसं हे दुखणं आहे.

दोन ठिकाणी फसवणूक होते, तेवढी सांगतो. सिल्डेनाफिलबरोबर डॅपॉक्सेटिन घातलेल्या गोळ्या मिळतात. डॅपॉक्सेटिन शीघ्रपतनावरचं औषध आहे, ताठरतेचं नाही. दुखणं एकच असताना दोन औषधं पोटात कशाला घालायची? दुसरं, "शंभर टक्के जडीबुटी" म्हणून विकली जाणारी पावडर आणि कॅप्सूल. अशा मालात न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेक देशांतल्या औषध खात्यांना सापडलंय. सॉर्बिट्रेट बाळगणारा माणूस "आयुर्वेदिकच आहे की" म्हणून ते बिनधास्त घेतो.

त्या गृहस्थांना मी त्या रात्री नाही म्हणालो. चिडले. "पैसे देतोय ना?" म्हणाले आणि पिशवी उचलून निघून गेले. दुसऱ्या दुकानातून घेतली तर, या विचारानं मला झोप लागली नाही. आठ दिवसांनी दुपारी, भर गर्दीच्या वेळी ते परत आले, सोबत बायको. त्यांनी घरी जाऊन सांगितलं होतं, आणि बाईंनीच त्यांना धरून हृदयाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरांनी त्यांना या गोळ्यांना साफ नाही म्हटलं होतं, पण पुढं सोलापूरला मूत्रविकाराच्या डॉक्टरकडे पाठवलं होतं, आणि तिथून चिठ्ठी आली होती ती व्हॅक्यूम पंपाची. काचेसारखी नळी लिंगावर बसवायची, हातानं हवा ओढायची की रक्त भरतं, पोटात काहीच जात नाही. ते गृहस्थ औषधांच्या फळीकडे बघत उभे होते. बाईंनी चिठ्ठी काउंटरवर सरळ केली.

"हे वापरायचं कसं ते मलाच समजावून सांगा," त्या म्हणाल्या. "ह्यांना काय कळायचं नाही. आणि आमचं वय काय आता... नुसतं आठ महिने भिंतीकडं तोंड करून झोपत्यात, ते तेवढं थांबलं पाहिजे."

पंप माझ्याकडे नव्हता. दोन दिवसांत मागवून देतो म्हणालो, आणि तोवर कागदावर आकृती काढून दाखवली. त्यांनी तो कागद चार घड्या घालून बटव्यात ठेवला.