हिमोग्लोबिनची कॉन्टॅक्ट-वही: हरवलेले सॉल्ट ब्रिज सापडले

मंडळी, सापडले! डीऑक्सी, म्हणजे ऑक्सिजन नसलेल्या, हिमोग्लोबिनमध्ये कोण कोणाला लागून आहे याचा (कॉन्टॅक्टचा) जो तक्ता मागच्या नोंदीत अडून बसला होता, तो सुटला. मॅक्स पेरुत्झ यांनी १९७० साली ज्या सॉल्ट ब्रिजच्या (धन आणि ऋण टोकांच्या जोड्यांच्या) आधारावर या रेणूची यंत्रणा मांडली, ते २एचएचबीमधले (पीडीबी या प्रथिन-रचनांच्या संग्रहातली डीऑक्सीची फाइल) सॉल्ट ब्रिज आता माझ्या यादीत आठच्या आठ हजर आहेत. त्यामुळे आजची नोंद बरीचशी त्यांचीच.

अडचण काय होती ते थोडक्यात. टी अवस्थेत, म्हणजे ऑक्सिजन नसताना, चार प्रकारचे सॉल्ट ब्रिज दिसायला हवेत आणि रेणू दुहेरी (दोन अल्फा, दोन बीटा साखळ्या) असल्याने प्रत्येक दोनदा. अल्फाच्या आर्जिनिन १४१ ची (आकडा म्हणजे साखळीतल्या अमिनो आम्लाचा, रेसिड्यूचा, क्रमांक) दुसऱ्या अल्फाच्या ॲस्पार्टेट १२६ शी जोडी पहिल्यापासून व्यवस्थित येत होती. पण त्याच्या शेजारच्या लायसिन १२७ ची ओळ कोरी. बीटाच्या हिस्टिडिन १४६ समोर तर काहीच नाही. कटऑफ, म्हणजे जोडी मानायचं कमाल अंतर, ४ अँगस्ट्रॉमवरून ४.५ केला, मग ५ केला. नको त्या जोड्या वाढल्या, हव्या त्या आल्याच नाहीत. जुन्या पीडीबी स्वरूपातली फाइल सोडून नव्या एमएमसिफ स्वरूपातली घेतली, तेच उत्तर. क्रमांकाचा घोळ असेल म्हणून तेही तपासलं. जनुकवाले सुरुवातीचं मिथिओनिन मोजतात, त्यामुळे त्यांचा प्रत्येक आकडा एकाने पुढे असतो (सिकल सेलचा सहावा ग्लुटामेट त्यांच्याकडे सातवा होतो), पण फाइलीतले क्रमांक व्हॅलिन १ पासूनच सुरू होतात. तिथेही सगळं ठीक.

शेवटी यादी बाजूला ठेवली आणि रेणू पडद्यावर दाखवणाऱ्या कायमेरा-एक्समध्ये लायसिन १२७ वर झूम करून नुसतं बघत बसलो. लायसिनच्या टोकाचा नायट्रोजन मोकळा नव्हताच. त्याच्या अगदी समोर दोन ऑक्सिजन होते आणि ते कुठल्याही ॲस्पार्टेट-ग्लुटामेटचे नव्हते. ते होते आर्जिनिन १४१ चे! १४१ हा अल्फा साखळीचा शेवटचा रेसिड्यू. साखळी तिथे संपते म्हणून त्याच्या मुख्य कण्याला स्वतःचा कार्बोक्सिलेट असतो, फाइलीत 'ओ' आणि 'ओएक्सटी' या नावांनी. सॉल्ट ब्रिजची नेहमीची व्याख्या ऋण बाजूला फक्त ॲस्पार्टेट आणि ग्लुटामेटच्या बाजूच्या साखळीतले ऑक्सिजन धरते. तिच्या लेखी आर्जिनिन म्हणजे धन, विषय संपला. इथे मात्र तोच रेसिड्यू बाजूच्या धन साखळीने १२६ ला धरतो आणि ऋण शेपटाने १२७ ला. समोरच्या साखळीतले दोन लागोपाठचे रेसिड्यू, एकाने दोन्हीकडून पकडलेले. इतकी नेटकी रचना बघून मला खरंच भरून आलं.

हे कळल्यावर हिस्टिडिन १४६ चं कोडंही उलगडलं. बीटा साखळी १४६ वर संपते, तिचं शेपूट पलीकडच्या अल्फाच्या लायसिन ४० ला धरतं. व्याख्येत प्रत्येक साखळीच्या टोकाचे ओ आणि ओएक्सटी घातले, सुरुवातीच्या रेसिड्यूचा मुख्य नायट्रोजन धन बाजूला घातला, आणि दोन्ही जोड्या ४ अँगस्ट्रॉमच्या आत आरामात बसल्या. सुरुवातीच्या नायट्रोजनचा उपयोग पुढे २,३-बीपीजी (हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावणारा छोटा रेणू) बघताना होईल, कारण ते बीटाच्या व्हॅलिन १ लाही धरतं.

उरला चौथा प्रकार: हिस्टिडिन १४६ चं कडं आणि त्याच साखळीतला ॲस्पार्टेट ९४. इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, हिस्टिडिनवर प्रोटॉन आहे की नाही हे परिस्थितीवर ठरतं (बोर परिणामाचा, म्हणजे आम्लतेनुसार ऑक्सिजनची पकड बदलण्याचा, मोठा वाटा याच जोडीतून येतो), म्हणून त्याला सरसकट धन धरणं मला पटत नाही. मी त्याच्यासाठी वेगळा रकाना केला. दोन, एक्स-रेच्या घनतेत कड्यातला कार्बन आणि नायट्रोजन वेगळा ओळखू येत नाही, त्यामुळे फाइलीत कडं १८० अंशांनी उलटं बसलेलं असू शकतं. माझं ठाम मत: कॉन्टॅक्ट मोजण्याआधी फाइल रिड्यूस या प्रोग्रॅममधून काढाच. हायड्रोजन बसतात, ॲस्पॅराजिन, ग्लुटामिन आणि हिस्टिडिनच्या उलट्या बाजू तपासल्या जातात. ज्यांना ही पायरी फालतू वाटते त्यांनी एकदा फक्त हिस्टिडिनच्या जोड्या आधी-नंतर ताडून पाहाव्यात.

आता ऑक्सीकडे, म्हणजे ऑक्सिजन धरलेल्या हिमोग्लोबिनकडे. त्याच्या फाइलीत, १एचएचओमध्ये फक्त एक अल्फा आणि एक बीटा आहे, उरलेला अर्धा रेणू स्फटिकाच्या सममितीतून येतो. अनेकांनी विचारलं होतं म्हणून पुन्हा सांगतो: जुन्या पीडीबी स्वरूपातली असेम्ब्ली (पूर्ण रेणूची) फाइल घेतलीत तर दुसरा अर्धा भाग वेगळ्या मॉडेलमध्ये, त्याच साखळी-अक्षरांनी येतो. बायोपायथन या लायब्ररीत नुसतं पहिलं मॉडेल घेतलं की अल्फा१-बीटा२ चा सगळा सांधाच गायब. जेम्मी या दुसऱ्या लायब्ररीने एमएमसिफमधून असेम्ब्ली बनवणं सगळ्यात सरळ, आणि वेगही छान आहे. आणखी एक: सममितीने बनवलेला अर्धा भाग ही हुबेहूब नक्कल असते. ऑक्सीत एखादी जोडी 'दोन्ही बाजूंना' दिसली म्हणून तो दुहेरी पुरावा होत नाही. २एचएचबीत चारही साखळ्या स्वतंत्र आहेत, तिथे होतो.

ऑक्सीत हे सॉल्ट ब्रिज नाहीत, पण तक्त्यात सरळ 'नाही' लिहायला हात धजेना. आर अवस्थेत, म्हणजे ऑक्सिजन धरलेला असताना, ही शेपटं सैल असतात, अणूंची जागा नीट ठरत नाही. जोडी तुटली हे एक, आणि अणू नीट दिसतच नाही हे दुसरं. म्हणून आता तीन नोंदी: आहे, नाही, सांगता येत नाही. तिसरी नोंद बी-फॅक्टर (अणूची जागा किती अस्थिर आहे याचा आकडा) पाहून पडते.

हिस्टिडिन ९७ बद्दलही प्रगती आहे. बीटाचा हा रेसिड्यू टी अवस्थेत अल्फाच्या थ्रिओनिन ४१ आणि प्रोलिन ४४ च्या मध्ये बसतो, आर अवस्थेत एक घर सरकून थ्रिओनिन ३८ आणि ४१ च्या मध्ये. ९७-४१ ही जोडी दोन्ही तक्त्यांत असते, फक्त स्पर्श उलट्या बाजूने होतो. म्हणजे 'जोडी आहे की नाही' एवढंच विचारणारा नकाशा रेणूच्या सगळ्यात मोठ्या हालचालीपाशी गप्प बसतो. सी-बीटा (बाजूच्या साखळीचा पहिला कार्बन) ते सी-बीटा ८ अँगस्ट्रॉम हे माप घडीचा अंदाज घ्यायला चांगलं, पण असल्या कामाला बोथट. आता मी प्रत्येक जोडीसोबत कुठला अणू कुठल्या अणूला लागला तेही साठवतो, आणि रेसिड्यूचा सगळा शेजार एकत्र ताडतो.

याच सांध्यातल्या दोन ओळींनी मला सगळ्यात जास्त आनंद दिला. टी तक्त्यात अल्फा टायरोसिन ४२ आणि बीटा ॲस्पार्टेट ९९, आर तक्त्यात अल्फा ॲस्पार्टेट ९४ आणि बीटा ॲस्पॅराजिन १०२. दोन्ही हायड्रोजन बंध, एक सुटतो तेव्हा दुसरा जुळतो. ९९ बदलला की हिमोग्लोबिन केम्पसी, ते ऑक्सिजन धरून ठेवतं. १०२ बदलला की हिमोग्लोबिन कॅन्सस, ते ऑक्सिजन लवकर सोडतं आणि माणसाचे ओठ निळसर दिसतात. तक्त्यातली एकेक ओळ माणसाच्या रक्तात अशी दिसते.

एक त्रास अजून आहे. जोडी एका फाइलीत ४.४ आणि दुसरीत ४.६ निघाली की ४.५ चा कटऑफ म्हणतो 'तुटली', प्रत्यक्षात काहीच हललेलं नसतं. त्यात रिझोल्यूशनही (रचना किती बारकाईने दिसते ते; आकडा लहान तितकं चांगलं) वेगळं: २एचएचबी १.७४ अँगस्ट्रॉमची आणि १एचएचओ २.१ ची. दोन उंबरठे ठेवायचं ठरवलंय: ४ च्या आत आली तर जुळली, ५ च्या बाहेर गेली तरच तुटली. कसोटीला अल्फा१-बीटा१ चा सांधा आहेच. तो दोन्ही अवस्थांत जवळपास तसाच राहतो, आर्जिनिन ३१ आणि फिनाइलॲलनिन १२२ वगैरे. तिथे जेवढे खोटे बदल दिसतील तेवढा माझ्या पद्धतीचा गोंगाट.

पण हे लिहिताना वाटतंय, या जुन्या जोडीवर एवढी मेहनत घेण्यापेक्षा २००६ चा संच का घेऊ नये? २डीएन१ ऑक्सी, २डीएन२ डीऑक्सी, २डीएन३ कार्बन मोनॉक्साइडसह, तिन्ही १.२५ अँगस्ट्रॉमच्या आणि एकाच गटाच्या. रिझोल्यूशनचा वादच मिटला. एकाच अणूच्या पर्यायी स्थिती हाताळाव्या लागतील, कारण बायोपायथन आपसूक जास्त ऑक्युपन्सीचीच (जिचा वाटा जास्त तीच) उचलतं. चालेल. ठरलं, पुढचा तक्ता या तिघांचा आणि २एचएचबी फक्त ताळ्यासाठी.

त्यानंतर २एचबीएस, सिकल सेलचं डीऑक्सी हिमोग्लोबिन, २.०५ अँगस्ट्रॉम. विदर्भात राहून हा रेणू टाळणं मला शक्य नाही. गडचिरोली-चंद्रपूरकडे कितीतरी घरांत हा आजार आहे. तिथे एका रेणूच्या बीटाचं व्हॅलिन ६ शेजारच्या रेणूच्या फिनाइलॲलनिन ८५ आणि ल्युसिन ८८ च्या खळग्यात जाऊन बसतं. आतापर्यंत दोन रेणूंमधले कॉन्टॅक्ट मी 'स्फटिकातली दाटी' म्हणून गाळत होतो, आणि सिकलमध्ये नेमके तेच हवेत. तेव्हा गाळणी काढून टाकतोय. सगळ्या फाइलींसाठी रेणूबाहेरच्या जोड्यांचा एक रकाना वाढवतो, म्हणजे साध्या डीऑक्सी हिमोग्लोबिनच्या स्फटिकात ८५ आणि ८८ जवळ कोण येतं हेही शेजारी ठेवून बघता येईल. कोणी २एचबीएसवर जेम्मीने सममितीचे शेजारी काढले असतील तर कटऑफ किती ठेवला ते कळवा.