गच्चीवर बोसा नोव्हा

आज रात्री इंदूरच्या सराफ्यातून (रात्रीचा खाऊबाजार) भुट्ट्याचा कीस बांधून आणला आणि घरी येऊन बघतो तर लाइट गुल, मग काय, सगळे गच्चीवर. मस्त वारं सुटलेलं. भाचीनं मोबाइल स्टीलच्या पातेल्यात ठेवला (आमचा स्पीकर 😄) आणि काहीतरी लावलं, एक गिटार आणि एक माणूस, अगदी कानाशी बोलल्यासारखा गातोय. आई म्हणाली, "गातोय की कुणाला झोपवतोय?"

म्हटलं हे काय गं, तर म्हणे मामा, बोसा नोव्हा. १९५० च्या दशकाच्या शेवटी ब्राझीलच्या रिओमधे सुरू झालेलं, तिथल्या सांबा नाचगाण्याच्याच पोटातून, पण ढोलताशे सगळे बाहेर ठेवून. गाणारा जोआओ जिल्बेर्तो. नीट ऐकलं तेव्हा कळलं, अंगठा खाली संथ ठेका धरतो, बाकीची बोटं मात्र ठेका चुकवत मधेच टिचक्या मारतात, आणि गाणं त्या दोघांच्याही जरा मागे रेंगाळतं. बाबा शास्त्रीय गायक अमीर खाँसाहेबांचे भक्त, त्यांना बाहेरचं काही चालत नाही, पण ते गुपचूप मांडीवर बोटं वाजवत होते, मी पाहिलंय!

मग त्याच्याच मुलीचं, बेबेलचं लावलं, २००० सालचं, गाणं तसंच, पण खाली इलेक्ट्रॉनिक धुकं. मग एअर नावाच्या फ्रेंच जोडीचं १९९८ चं, ते तर नुसतं तरंगणं. अशा निवांत म्युझिकला लाउंज म्हणतात, आणि लाउंज म्हणजे हॉटेलच्या लिफ्टमधलं म्युझिक असं मी आजवर समजत होतो, लाज वाटली थोडी.

लाइट आले तेव्हा आईच म्हणाली, राहू दे रे, बंद कर ते बल्ब.