सर्दावलेली काठी

ऐन जुलैमध्ये माझ्या कारखान्यात आलेली ती गळाची काठी नुकतीच दुसरीकडून व्हार्निश करून आणलेली होती, आणि तरीही तिच्यावर तांदळाएवढे फोड उठले होते. पवईच्या तलावावर नेमाने गळ टाकायला जाणाऱ्या एका गृहस्थांची ही काठी जुन्या विलायती बनावटीची, म्हणजे बांबूच्या सहा त्रिकोणी कामट्या चिकटवून षटकोनी केलेली होती. “वरून आणखी एक हात मारून द्या, म्हणजे झालं,” एवढीच त्यांची अपेक्षा होती.

एक फोड सुईने टोचून पापुद्रा उचलला, तर खालचा बांबू काळपटलेला आणि बोटाला गार लागणारा निघाला. विचारपूस केल्यावर कळले की, काठी ओल्या कापडी पिशवीसकट धातूच्या नळीत कित्येक दिवस बंद पडून होती, आणि आधीच्या कारागिराने ती न वाळवताच तिच्यावर हात मारला होता. अशा वेळी ओल आत कोंडली जाते. बंद गाडीत किंवा उन्हात काठी तापली की तिची वाफ बाहेर पडू पाहते आणि वाट न मिळाल्याने व्हार्निशच उचलते. तेव्हा आणखी एक हात म्हणजे आणखी एक झाकण, हे मी काकांना स्पष्ट सांगितले.

मला खरी धास्ती व्हार्निशपेक्षा आतल्या चिकटवणीची होती, कारण जुन्या काठ्यांत सरस वापरलेला असतो आणि ओलाव्याने तो सुटतो. धातूच्या जोडांनी जुळणाऱ्या या काठीचा प्रत्येक तुकडा कानाशी धरून अगदी हलका पिळून पाहिला. कामट्या सुटल्या असतील तर बारीकसा टक असा आवाज येतो. तो आला नाही, म्हणून काम अंगावर घेतले.

जुने व्हार्निश काढायला रासायनिक द्रव वापरला नाही, कारण तो सांध्यात शिरला तर सरसाला बाधतो. पात्याची धार काटकोनात धरून ते खरवडले. पॉलिश पेपरने घासण्याचा मोहही टाळावा लागतो, कारण बांबूची ताकद सालीलगतच्या दाट तंतूंत असते आणि घासताना नेमके तेच जातात. त्यानंतर काठी मंद उबेच्या कपाटात टांगली आणि सोनाराच्या काट्यावर रोज तोलली. खरवडल्यानंतर ९४ ग्रॅम भरलेला मधला तुकडा उतरत उतरत ८९ ग्रॅमवर येऊन थांबला. काकांचे फोन चालूच होते, पण वजन उतरायचे थांबेपर्यंत मी व्हार्निशचा डबा उघडला नाही. शेंडा थोडा वाकला होता. तो दिव्याच्या उबेवर फिरवत बोटांनी सरळ केला.

मुंबईच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता सहज ८५ टक्क्यांच्या पुढे जाते, त्यामुळे व्हार्निशचे काम वातानुकूलित खोलीत, आर्द्रतामापकाचा काटा ६० च्या खाली आल्यावरच केले. उभ्या नळीत व्हार्निश भरून तुकडा त्यात सोडायचा आणि मिनिटाला जेमतेम पाच-सात सेंटिमीटर या संथपणे वर ओढायचा, म्हणजे ओघळ येत नाहीत. गळाची दोरी ज्यांतून जाते त्या कड्यांच्या पायांवरचा रेशमी दोरा नव्याने गुंडाळून त्यालाही व्हार्निश पाजले, कारण पाणी शिरते ते बहुधा याच फटींतून आणि धातूच्या जोडाच्या कडेने. काठीच्या मधल्या गुळगुळीत भागातून क्वचितच.

काठी नेताना काकांना बजावले: तलावावरून आल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, रात्रभर पिशवीबाहेर उभी टांगा, पिशवी वेगळी वाळवा, आणि नळीत सिलिका जेलची पुडी ठेवून तिचा रंग बदलला की ती बदला. (पुडी टाकली म्हणजे ओली काठी चालते असे पुष्कळांना वाटते. चालत नाही, एवढीशी पुडी भिजलेल्या पिशवीपुढे काय पुरी पडणार?)

खालच्या जोडालगत बुरशीचा एक काळसर डाग मात्र राहिला होता. तो काढून द्या म्हणून काकांनी बराच आग्रह धरला. त्यासाठी तंतू खरवडावे लागले असते, आणि मासा ओढ देताना काठीवर सर्वांत जास्त ताण येणाऱ्या जागांपैकी ती एक. म्हणून मी साफ नकार दिला.